काबिली ताब्झिम्त साफ करायची तर

माझं माहेर हुपरीचं. पैंजणांच्या गावात वाढलेल्या बाईचा हात चांदी काळवंडली की आपोआप चिंचेकडे जातो. माझाही गेला. अल्जीरियातून आणलेल्या ताब्झिम्तवर चिंचेचा कोळ चोळला आणि त्यात बसवलेली दोन पोवळी खडूसारखी पांढरट पडली. ती झळाळी काही परत आली नाही.

ताब्झिम्त म्हणजे तिझी ऊझू प्रांतातल्या आथ येन्नीकडचं गोल, तळहाताएवढं ब्रोच. चांदीच्या पत्र्यावर बारीक तार झाळून खाने पाडतात आणि त्यांत मीना भरतात. निळा आणि हिरवा आरपार दिसणारे, पिवळा मात्र गच्च. मुलगा झाला की काबिली, म्हणजे उत्तर अल्जीरियातल्या बर्बर समाजातली, बाई ते कपाळावर मिरवायची. मुलगी झाली तर छातीवर. (मला दोन्ही मुलीच, तेव्हा माझं कपाळ मोकळं!)

आता मुद्द्याचं. मीना ही काच, ती भट्टीत वितळवून बसवतात. पोवळं भट्टीत टिकत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी चढतं. पोवळं मुळात चुनखडी. त्यामुळे चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही लागलं की ते झिजतं. सराफाकडचं बुडवून काढायचं पाणीही नको, त्यातही बहुधा आम्ल असतं. सोडा आणि फॉइल घालून उकळायचा उपाय तर अजिबात नको. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात गेलं की मीन्याला तडा जातो, आणि पोवळ्याखालचा भराव सुटतो तो वेगळाच.

मी आता असं करते. आधी भिंगातून बघते, कुठे मीना उडालाय का, पोवळं हलतंय का. मागची बाजूही बघायची, कारण चांगल्या जुन्या कामात तिथेही मीना असतो. मग लहान बाळाच्या मऊ दातब्रशने कोरडी धूळ झाडायची. कोमट पाण्यात साबणाचा एकच थेंब, त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मलमलने फक्त उघडी चांदी पुसायची. तारेच्या कडेला कापूस गुंडाळलेली काडी. लगेच कोरडं करायचं, दागिना पाण्यात ठेवायचा नाही. खाचांतला काळेपणा मात्र राहू द्या, त्यानेच चांदीचे गोल रवे उठून दिसतात. सगळं लख्ख केलं की नवं, साच्यातलं वाटतं.

तार निखळली तर शेजारच्या सोनाराकडे देऊ नका. तो प्रेमाने बर्नर पेटवेल आणि मीना, पोवळं दोन्ही घालवेल. कुणाला द्यायचंच असेल तर "आच लावायची नाही" हे आधी बोलून घ्या.

घालताना टाचणी कापडाच्या दुमडीतून पार करायची आणि मग एका जागी फट असलेलं कडं फिरवून तिच्या टोकाखाली आणायचं. तेच कुलूप. ही टाचणी लोकरीच्या जाड वस्त्रासाठी घडवलेली, पैठणीला भोक पडेल. मी ती खादीच्या शालीवर लावते.

ठेवताना मलमलमध्ये गुंडाळा. रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.