बुडापेस्टला वॉटर पोलो बघायला निघण्यापूर्वी

व्हिसाचं काम आधी उरकून टाका. हंगेरी शेंगेन देशांत मोडतो, त्यामुळे प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. २०२७ च्या उन्हाळ्यात जागतिक जलक्रीडा अजिंक्यपद स्पर्धा बुडापेस्टला आहे. त्यातली पुरुषांची वॉटर पोलो बघायचा बेत असेल तर जानेवारीतच कागद गोळा करायला लागा. मे महिन्यात व्हिसाची तारीख मिळवताना काय होतं ते युरोपला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. खर्चाला फोरिंट लागतील. युरोची नोट काही दुकानदार घेतात, पण भाव ते ठरवतील तो.

कागदांचं एवढं पुरे. खरी तयारी डोळ्यांची आहे. वर्षानुवर्षं पोहणारी माणसंसुद्धा वॉटर पोलो बघायला बसली की चेंडूमागे नजर पळवतात आणि दहा मिनिटांत कंटाळतात. चेंडू इकडून तिकडे जातो, शिट्टी वाजते, कुणी थांबत नाही, पुन्हा शिट्टी वाजते, आणि अचानक एक जण पोहत कोपऱ्यात जाऊन बसतो. का, ते कळत नाही. हा खेळ चेंडूपाशी कमी आणि गोलसमोरच्या दोन-तीन मीटर पाण्यात जास्त चालतो. तिकडे बघायची सवय घरूनच लावून न्यायची.

नियम सगळे पाठ करायची गरज नाही. प्रत्येक बाजूचे सात जण पाण्यात, त्यातला एक गोलरक्षक, लाल टोपीवाला. आठ-आठ मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू खेळात नसताना घड्याळ थांबतं, म्हणून बत्तीस मिनिटांचा सामना सहज तास खातो. तळाला पाय टेकायचे नाहीत. चेंडू एका हाताने. दोन्ही हात लावायची मुभा एकट्या गोलरक्षकाला, तीही आपल्या गोलसमोर. गोल ३ मीटर रुंद आणि पाण्यापासून ९० सेंटिमीटर उंच. हे सगळं पहिल्याच सामन्यात आपोआप समजतं.

जे आपोआप समजत नाही ते आधी नीट वाचून ठेवा. ज्याने चेंडू हातात धरलाय त्याला दाबलं, ओढलं, अगदी पाण्याखाली घातलं तरी फाऊल होत नाही. त्याने चेंडू सोडला आणि मग कुणी त्याला अडवलं, की फाऊल. म्हणून अंगावर बचाव करणारा आला की हुशार खेळाडू चेंडू मुद्दाम बोटांतून सुटू देतो. सगळ्या शिट्ट्यांचं गूढ यात आहे. साधा फाऊल असेल तर लगेच फ्री थ्रो मिळतो आणि खेळ तसाच पुढे जातो. सहा मीटरच्या रेषेबाहेर फाऊल झाला तर थेट गोलवर फेकताही येतं. पण चेंडू हातात नसलेल्याला धरून ठेवलं, बुडवलं किंवा मागे खेचलं, तर बचाव करणाऱ्याला सुमारे वीस सेकंद बाहेर जावं लागतं. असे तीन मोठे फाऊल झाले की त्या सामन्यापुरता तो संपला.

आता सेंटरकडे या. गोलच्या साधारण दोन मीटर पुढे, गोलकडे पाठ करून जो धिप्पाड माणूस पाण्यात ठाण मांडतो, तो सेंटर. त्याच्या पाठीला चिकटलेला तेवढाच धिप्पाड बचावपटू. कबड्डीतली पकड खोल पाण्यात आणून सोडली तर जे होईल ते या दोघांत चाललेलं असतं, आणि त्यातलं निम्मं पाण्याखाली. बाकीचे पाच जण कमानीसारखे बाहेर पसरलेले असतात, आणि त्यांचं बरंचसं फेकाफेकीचं काम सेंटरला योग्य क्षणी चेंडू पोहोचवण्यासाठीच असतं. त्याने अंग वळवून गोल केला तर उत्तम. नाही केला, पण मागच्याने वैतागून त्याला धरलं, तर बचावपटू बाहेर आणि सहा विरुद्ध पाच. अटीतटीच्या सामन्यांचे निकाल या सहा-पाचच्या सेकंदांवर फिरतात. म्हणून घरी सराव करताना एक पूर्ण डाव चेंडू सोडून द्या आणि दोन्ही बाजूंचे सेंटर तेवढे बघा. कंटाळा येईल, पण बघा.

पुढचा डाव उजव्या बाजूसाठी ठेवा. हल्ला करणाऱ्या संघाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात डावखुरा खेळाडू सोन्याच्या मोलाचा, कारण तिथून गोलकडे त्याचा हात मोकळा राहतो. संघात डावखुरे किती आणि त्या क्षणी पाण्यात किती, हे मोजायची सवय लावली की सहा-पाचचा हल्ला कुठून सुटणार याचा अंदाज बांधता येतो. सिडनी, अथेन्स आणि बीजिंग अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये हंगेरीने सुवर्ण जिंकलं, त्या संघातला टिबोर बेनेडेक डावखुरा होता. पुढे त्याच्याच प्रशिक्षणाखाली हंगेरीने २०१३ मध्ये बार्सिलोनाला जगज्जेतेपद मिळवलं. २०२० मध्ये तो गेला. बुडापेस्टमध्ये त्याचं नाव काढलंत तर शेजारचा प्रेक्षक तुमच्याशी बोलायला लागेल, भाषा कुठलीही असो.

तिसरी गोष्ट घड्याळ. २०२५ पासून पुरुषांचं मैदान ३० मीटरवरून २५ वर आलं आणि एका हल्ल्याला ३० ऐवजी २५ सेकंद मिळू लागले. चेंडू गोलवर आदळून परत त्याच संघाकडे आला तर पुढे १५. सरावासाठी जुने सामने बघाल तेव्हा हा फरक लक्षात असू द्या, नाहीतर जुना खेळ संथ का वाटतो ते कळणार नाही. दोन सामने पुरेत. एक २०२२ चा अंतिम, स्पेन विरुद्ध इटली, बुडापेस्टलाच झालेला, १५-१४ असा पेनल्टींवर सुटलेला. दुसरा २०२५ चा सिंगापूरचा अंतिम, स्पेन १५, हंगेरी १३, नव्या नियमांचा. पेनल्टी फेकींचीही मनाची तयारी ठेवा: २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही जागतिक स्पर्धांचे अंतिम सामने पेनल्टींवरच संपले. त्यात स्पेन, हंगेरी, क्रोएशिया असे विजेते निघाले. ऑलिंपिकमध्ये मात्र २०१६ पासून तीन वेळा लागोपाठ सर्बिया. जागतिक स्पर्धेत कुणाचीच मक्तेदारी टिकत नाही, म्हणून तर इतक्या लांब जायचं.

एक तयारी अंगाने करायची आहे. आपल्या तलावाच्या खोल भागात जा आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर काढून मिनिटभर जागच्या जागी उभे राहा. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारून थोडा वेळ निभेल. मग एगबीटर शिकावं लागेल, म्हणजे दोन्ही पाय आळीपाळीने गोल फिरवत राहणं. हे खेळाडू तासभर तेच करतात, वर अंगावर शंभर किलोचा माणूस. पुण्या-मुंबईत ज्या तलावांवर वॉटर पोलोचा सराव चालतो तिथे एक संध्याकाळ काठावर बसलात तरी पुष्कळ कळेल. खेळ आपल्याला परका नाही. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ होता. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत आपण सुवर्ण जिंकलं. त्या संघातल्या सचिन नाग यांनी तिथेच १०० मीटर फ्रीस्टाइलचंही सुवर्ण घेतलं. १९७० ला बँकॉकमध्ये रौप्य, १९८२ ला पुन्हा दिल्लीत कांस्य, आणि मग शांतता. त्यावर वेगळं लिहिता येईल, रागाने.

तिकीट काढताना गावाचं नाव वाचा. २०२२ मध्ये वॉटर पोलोचे गटसामने डेब्रेसेन, सेगेड आणि शोप्रॉन इथेही झाले होते, आणि ही गावं देशाच्या तीन वेगवेगळ्या टोकांना आहेत. दुसरं, जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आणि महिलांचे सामने एक दिवसाआड होतात. आठवड्याची सुट्टी काढली तर पुरुषांचे तीन किंवा चारच दिवस हाती लागतात. मधल्या दिवशी व्हिएन्नाला पळण्यापेक्षा महिलांचे सामने बघा, सेंटरची लढत तिथे अधिक स्पष्ट दिसते, असं माझं मत आहे. तिसरं, सोळा संघांचे चार गट असतात. गटातला पहिला थेट उपांत्यपूर्व फेरीत जातो, दुसरा-तिसरा आधी एक सामना जास्त खेळतात. तेव्हा एखाद्याच संघासाठी जाणार असाल तर बाद फेरीची तिकिटं आंधळेपणाने काढू नका.

जागा लांब बाजूची घ्या आणि वरची. पुढच्या रांगांना पैसे जास्त मोजून डोकी आणि तुषार तेवढे दिसतात. उंचावरून पाण्याखालचे हातपाय, कमानीचा आकार, कोण मोकळा सुटला, सगळं उलगडतं. गोलच्या मागची जागा पेनल्टींना मजेची, एरवी नाही.

हायोश आल्फ्रेड तलावाबद्दल थोडं जाणून जा. २०१४ च्या युरोपीय स्पर्धेचा आणि २०१७ व २०२२ च्या जागतिक स्पर्धांचा अंतिम सामना इथे झाला. डॅन्यूबमधल्या मार्गारेट बेटावरची ही वास्तू १९३० मध्ये उघडली. ज्याचं नाव तिला आहे त्यानेच तिचा आराखडा केला, आणि तो १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थंडगार समुद्रात पोहून दोन सुवर्णपदकं जिंकलेला जलतरणपटू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला वास्तुरचनेच्या स्पर्धेत रौप्यही मिळालं, कारण तेव्हा कलांनाही पदकं होती. यजमानांचं नशीब मात्र या पाण्यात फारसं फळलेलं नाही: २०१४ ला अंतिम सामन्यात सर्बियाने १२-७ हरवलं, २०१७ ला क्रोएशियाने ८-६. युरोपीय जेतेपद त्यांना २०२० मध्ये मिळालं ते नदीकाठच्या दुना अरेनात, स्पेनविरुद्ध, पेनल्टींवर. नऊ ऑलिंपिक सुवर्णं नावावर असलेल्या देशाला घरच्या हरण्याचं काय वाटतं ते स्टँडमध्ये बसल्यावर कळेल. १९५६ ची मेलबर्नची सोव्हिएत संघाविरुद्धची लढत, रक्ताळलेला हंगेरीचा खेळाडू एर्विन झादोर, ४-० चा निकाल, हे सगळं जगाला माहीत आहे. तिथल्या माणसाशी गप्पांची सुरुवात त्यावरून करू नका. बेनेडेकवरून करा.

हायोश तलावावर पोहोचायला ४ किंवा ६ नंबरची ट्राम. मार्गारेट पुलाच्या मध्यावरच थांबा आहे, उतरून बेटावर चालत जायचं. २६ नंबरची बस बेटाच्या आत जाते.

पिशवीत टोपी आणि सनस्क्रीन हवंच, तलाव उघडा आहे आणि जून-जुलैत ऊन तिशी ओलांडतं. सूर्य साडेआठच्याही पुढे रेंगाळतो. नदीचं बेट म्हणजे संध्याकाळी डास, तेव्हा ओडोमॉस न्या आणि हसणाऱ्यांना हसू द्या. लहान दुर्बीण, बसायला पातळ उशी, खेळाडूंच्या टोप्यांच्या क्रमांकांची छापील यादी. स्वतःची पोहायची टोपीसुद्धा घ्या: सेचेनी स्नानगृहात गरम पाण्यात बसायला ती लागत नाही, पण पोहायच्या तलावात लागते, आणि बुडापेस्टला जाऊन पोहला नाहीत असं तर होणार नाही.

शाकाहारी मंडळींनी उपाशी राहायचं कारण नाही. लांगोश नावाची तळलेली जाड रोटी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. कशात तळली ते विचारायला लाजू नका, चरबीतही तळतात. आंबट चेरीचं गार सूप उन्हाळ्यात मिळतं, तळलेलं चीज कुठेही. फोझेलेक म्हणजे दाटसर भाजी, तिच्यावर मांसाचा तुकडा ठेवून देतात, तो नको म्हणून आधीच सांगा. थेपले न्यालच, ते सांगायला नको.

सामन्याला पाऊण तास आधी पोहोचा. सराव बघण्यासारखा असतो: गोलरक्षक कमरेपर्यंत पाण्याबाहेर उसळतात ते तेव्हा निवांत बघता येतं, आणि डावखुरे कोण ते तेव्हाच टिपून ठेवता येतात. खेळाडूंची नखं तपासतात, अंगाला तेल-मलम चालत नाही. का, ते सेंटर बघितलेल्याला सांगावं लागत नाही. घोषणा दोनच: ‘रिया-रिया-हुंगारिया’ आणि ‘हायरा मज्यारोक’. तुम्ही स्पेनच्या बाजूचे असाल तर हळू ओरडा.

ज्यांना जाणं जमणार नाही त्यांनी साडेतीन तासांचं गणित लक्षात ठेवावं. तिकडचा रात्री साडेआठचा सामना आपल्याकडे बाराला सुरू होतो आणि पेनल्टींपर्यंत गेला तर दीड वाजतो. सकाळी सहाची बॅच बुडणार, हे कोचना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.