घरच्या ब्रॉडबँडवर स्टॅटिक आयपी घेताय? आधी एवढं चेक करा

घरून काम करणाऱ्यांना ऑफिसच्या आयटीचा मेल येतोच, तुमचा आयपी (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा पत्ता) कळवा, व्हाइटलिस्ट करायचाय, म्हणजे परवानगीच्या यादीत टाकायचाय. मग लोक गुगलवर 'माय आयपी' टाकतात आणि जो आकडा दिसेल तो पाठवून मोकळे होतात. रात्री लाईट जाऊन आली की राउटरला दुसराच आयपी मिळतो आणि सकाळी सर्व्हर दारातच उभं करतो. यावर उपाय स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी.

तर आधी राउटरच्या सेटिंग पेजवर जाऊन वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) बघा आणि गुगलवाल्याशी ताडून बघा. दोन्ही सेम असतील तर पब्लिक आयपी आहे, फक्त तो बदलता असू शकतो. वॅन आयपी १०० पासून सुरू होतोय आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला आहे, किंवा पहिला आकडाच १० आहे, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी ब्रॉडबँड कंपनी बऱ्याच घरांत वाटतेय (आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेतच जेमतेम ४२९ कोटी, पुरणार कुठून). असा आयपी व्हाइटलिस्ट केला की शेजारपाजारचेही त्या यादीत आले, आयटीवाल्यांना हे सांगा, ते स्वतःच नको म्हणतील. वॅनवर १९२.१६८ दिसलं तर तुमचा राउटर फायबरच्या डब्याच्या मागे लावलाय, खरा आकडा त्या डब्याच्या पेजवर बघा.

मग ब्रॉडबँड कंपनीला फोन करून स्टॅटिक आयपी मागा. लोकल केबलवाल्याकडून कनेक्शन असेल तर कस्टमर केअरपेक्षा त्यालाच गाठा, काम लवकर होतं. विचारायचं एवढंच: होम प्लॅनवर मिळतो की बिझनेस प्लॅन घ्यावा लागेल, पैसे महिन्याचे की वर्षाचे (वर १८ टक्के जीएसटी धरा), आणि प्लॅन किंवा घर बदललं तर आयपी तोच राहतो का. उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

चालू झाल्यावर काही ठिकाणी नुसता राउटर रीस्टार्ट केला की झालं, पीपीपीओई लॉगिनलाच (कनेक्शनच्या युजरनेम-पासवर्डला) आयपी बांधलेला असतो, आणि काही ठिकाणी आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस हाताने भरावं लागतं. दोनतीनदा बंद-चालू करून आयपी तोच राहतोय ना बघा, मगच ऑफिसला कळवा. तरीही ॲक्सेस मिळत नसेल तर आयपीव्ही६ वर (पत्त्यांची नवी पद्धत) संशय घ्या, ट्रॅफिक तिकडून जातो आणि यादीत फक्त व्ही४ असतो.

राउटरचा ॲडमिन पासवर्ड ॲडमिनच असेल तर आजच बदला, रिमोट मॅनेजमेंट बंद करा, आणि रिमोट डेस्कटॉपचा (बाहेरून घरचा पीसी चालवायचा) ३३८९ पोर्ट कुणी कितीही सांगितलं तरी उघडू नका, व्हीपीएन वापरा.

आणि लाईट गेल्यावर मोबाईल हॉटस्पॉटवर गेलात की आयपी मोबाईल कंपनीचा, व्हाइटलिस्टचा उपयोग शून्य. म्हणून राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी मिनी यूपीएस घेऊन ठेवा, पुण्यात तर दुरुस्तीसाठी लाईट घालवायचा गुरुवार आहेच. फक्त घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, यूपीएसमधून तेवढेच मिळायला हवेत.