गायरानातली वाट आणि सोलरचं कुंपण

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं मिळते, त्यामुळे आमच्या प्रकल्पाचे कागद भराभर सरकले. काम अडलं ते जागेवर. कुंपणाचे खांब उतरायला लागले आणि मेंढपाळांनी ट्रक अडवला. तळ्याकडे जायची वाट याच गटातून होती.

7/12 वर नुसतं ‘गायरान’, वाटेचा उल्लेखच नाही. कंपनीचे साहेब पोलीस बंदोबस्त मागा म्हणत होते. मी आधी भूमी अभिलेखातून गाव नकाशा काढला. त्यात ती पायवाट तुटक रेघेनं स्पष्ट दाखवलेली! मग मोजणी भरली आणि त्या दिवशी तलाठी, सरपंच यांच्याबरोबर दोन जाणते मेंढपाळही बोलावले. वाट नेमकी कुठून वळते, हे त्यांनीच चालून दाखवलं. मागोमाग आमचा पोरगा चुना टाकत गेला.

‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आल्यावर मांडणी बदलली. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात, त्यामुळे जरा ओढाताण झाली. पण पॅनेलचे दोन भाग केले, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली आणि केबल खालून पाइपातून नेली. कुंपण वाढलं, खर्चही. साहेब कुरकुरले.

नवा नकाशा ग्रामसभेत मांडला. योजनेतून ग्रामपंचायतीला तीन वर्षं मिळणाऱ्या वार्षिक 5 लाखांबद्दल कुणी फारसं विचारलं नाही. सगळे प्रश्न वाटेवरच्या फाटकाचे, आणि त्याला कुलूप लावायचं नाही हे ठरावातच लिहून घेतलं.