अबॅकसमध्ये टेन्साइल टेस्टचा कर्व्ह भरताना

अबॅकस (Abaqus) हे भागांवरचे ताण काढणारं फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर. त्यात टेन्साइल टेस्टचा, म्हणजे नमुना ओढून तोडण्याच्या चाचणीचा डेटा भरताना युनिट्स आधी ठरवा: मिलिमीटर, न्यूटन, एमपीए (मेगापास्कल). मटेरियलच्या इलॅस्टिक भागात ई (यंग मॉड्युलस, म्हणजे कर्व्हचा सुरुवातीचा सरळ चढ) आणि पॉयसन रेशो (ओढल्यावर आडवं आकुंचन किती ते) टाका. हे मिनिटाचं काम आहे. खरं काम प्लास्टिकच्या तक्त्यात आहे.

‘रिपोर्टमधले कॉलम उचला आणि पेस्ट करा’ हा सल्ला मी अजूनही ऐकतो. कृपया तसं करू नका. लॅबचा कर्व्ह इंजिनिअरिंग असतो, म्हणजे बल भागिले सुरुवातीचं क्षेत्रफळ. अबॅकसला ट्रू स्ट्रेस (बल भागिले त्या क्षणाचं क्षेत्रफळ) हवा आणि त्यासमोर फक्त प्लास्टिक स्ट्रेन (लांबीतल्या बदलाचा, बल काढल्यावरही उरणारा भाग) हवा.

एक्सेलमध्ये तीन कॉलम करा. ट्रू स्ट्रेस म्हणजे इंजिनिअरिंग स्ट्रेस गुणिले (१ + स्ट्रेन). ट्रू स्ट्रेन म्हणजे (१ + स्ट्रेन) चा नॅचरल लॉग. त्यातून ट्रू स्ट्रेस भागिले ई वजा केलं की प्लास्टिक स्ट्रेन मिळतो. समजा स्ट्रेन ०.१०, स्ट्रेस ४०० एमपीए आणि ई २,००,००० आहे. मग ट्रू स्ट्रेस ४४०, ट्रू स्ट्रेन ०.०९५३ आणि प्लास्टिक स्ट्रेन ०.०९३१ येतो. स्ट्रेन टक्क्यांत दिला असेल तर आधी १०० ने भागा.

मला सर्वांत जास्त छळलं ते या वजाबाकीनं. प्लास्टिक स्ट्रेन मध्येच ऋण येतो किंवा मागे सरकतो आणि सॉफ्टवेअर एरर देतं. लोक मग आकडे हातानं ‘सरळ’ करतात. ऋण आकडा येतो तेव्हा कर्व्हचा चढ टाकलेल्या ई पेक्षा जास्त असतो किंवा डेटात गोंगाट असतो. उलट चूकही होते: स्ट्रेन क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकत्या आडव्या दांड्याच्या) हालचालीवरून काढलेला असतो. त्यात ग्रिपची आणि मशीनची लवचिकता मिसळते, त्यामुळे सुरुवातीचा चढ तुमच्या ई पेक्षा कमी दिसतो आणि प्लास्टिक स्ट्रेन खोटा वाढतो. लॅबकडून एक्सटेन्सोमीटरचा (नमुन्यावरच स्ट्रेन मोजणाऱ्या साधनाचा) डेटाच मागा. तो मिळाल्यावरही यील्डच्या (कायमचा आकारबदल सुरू होतो त्या बिंदूच्या) आधीचे सगळे बिंदू काढून टाका. पहिल्या ओळीत यील्ड स्ट्रेस आणि त्यासमोर नेमका ० हवा.

दुसरी ठाम सूचना: ही सूत्रं कमाल बलापर्यंतच वापरा. त्यापुढे नेकिंग सुरू होतं, म्हणजे नमुना एका जागी बारीक होऊ लागतो, गेज लांबीत (मोजणीच्या लांबीत) स्ट्रेन एकसारखा राहत नाही आणि कर्व्हची उतरती शेपटी हा मटेरियलचा गुण नसतो. ती कापा आणि पुढचा भाग स्विफ्ट किंवा व्होस सूत्र (प्लास्टिक स्ट्रेनसोबत स्ट्रेस कसा वाढतो ते सांगणारं) बसवून वाढवा. नाही वाढवला तर शेवटच्या बिंदूनंतर अबॅकस स्ट्रेस स्थिर धरतं आणि मॉडेल खऱ्यापेक्षा मऊ वागतं.

मोठ्या मॉडेलला हात लावण्याआधी एकच एलिमेंट, एनएलजिऑम (मोठे आकारबदल धरणारी सेटिंग) सुरू ठेवून, एका दिशेनं ओढा. बल भागिले मूळ क्षेत्रफळ काढून लॅबच्या कर्व्हवर ठेवा. कमाल बलापर्यंत दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत, तर एक्सेल पुन्हा उघडा.