रशियन शिकताना शब्दाबरोबर प्रसंगही पाठ करा

माझ्याकडे रशियन शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच आठवड्यात वहीत तीन रकाने आखायला लावते: कोण कुणाला म्हणतं, काय म्हणतं आणि त्यावर उत्तर काय येतं. शब्दांच्या नुसत्या याद्या मी पाठ करू देत नाही. रशियनमधली रोजच्या बोलण्यातली कितीतरी वाक्यं ठरावीक प्रसंगांना बांधलेली आहेत. प्रसंग ठाऊक नसेल, तर सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्याचा पत्ता लागत नाही.

रांगेचंच घ्या. रशियातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या दाराबाहेर माणसं एकामागे एक उभी असतीलच असं नाही, जागा मिळेल तिथे बसलेली असतात. नवा आलेला मोठ्याने विचारतो, ‘क्तो पस्लेद्नी?’ म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी ‘या’ म्हणतं, म्हणजे ‘मी’. त्यावर ‘या झा वामी’, मी तुमच्या मागे, एवढं म्हणून बसायचं. आता शेवटचे तुम्ही. पुढचा माणूस आला की ‘या’ म्हणायची पाळी तुमची. हा संवाद दोघांनी मिळून मोठ्याने म्हणा, भूमिका बदलून पुन्हा म्हणा. ‘झा’ नंतर कोणती विभक्ती येते हे कोष्टक न उघडता जिभेवर बसेल.

कान तयार करायला मॉस्को मेट्रोइतकी चांगली शिकवणी नाही. यूट्यूबवर रशियन लिपीत शोधलंत, तर प्रवासाचे भरपूर व्हिडिओ सापडतील. ‘अस्तरोझ्ना, द्वेरी झक्रिवायुत्सा’, सावधान, दारं बंद होत आहेत, आणि लगेच पुढच्या स्टेशनचं नाव. बहुतेक मार्गांवर शहराच्या मध्याकडे जाताना पुरुषाचा आवाज असतो आणि मध्याकडून बाहेर जाताना बाईचा, त्यामुळे तेच वाक्य दोन आवाजांत ऐकायला मिळतं. ऐकाल तसंच देवनागरीत लिहून ठेवा. आघात नसलेला ‘ओ’ रशियनमध्ये ‘अ’कडे झुकतो, म्हणून दुधाला ‘मोलोको’ नव्हे, ‘मलाको’. छापील पुस्तकात आघाताची खूण सहसा नसते, त्यामुळे हे कानानेच पकडावं लागतं.

त्याच डब्यात मागून कुणी ‘वी विखोदिते?’ असं विचारेल. तुम्ही उतरताय का, असा शब्दश: अर्थ, पण त्या माणसाला उतरायचंय आणि वाट हवीय. उतरणार असाल तर ‘दा’, म्हणजे हो, म्हणा, नसाल तर बाजूला व्हा.

चित्रपटांसाठी मोसफिल्म स्टुडिओचा यूट्यूब चॅनल पाहा. जुने सोव्हिएत चित्रपट तिथे फुकट आहेत, बऱ्याच चित्रपटांना सबटायटल्सही आहेत. एल्दार रियाझानोव्ह यांचा १९७५ सालचा ‘इरोनिया सुद्बी’ नक्की पाहा; नववर्षाच्या सुमाराला तो रशियन टीव्हीवर वर्षानुवर्षं लागत आला आहे. त्याच्या नावाचा उत्तरार्ध आहे ‘स ल्योख्किम पारम’. बान्यातून, म्हणजे वाफेच्या स्नानगृहातून, न्हाऊन आलेल्याला असं म्हणतात. हा साचा पकडलात की मोठं घबाड हाती लागतं: ‘स’ आणि पुढे आपल्या तृतीयेसारखी विभक्ती. वाढदिवसाला ‘स द्न्योम रझ्देनिया’, कुठल्याही सणाला ‘स प्राझ्निकम’, नव्या घरात गेलेल्याला ‘स नवासेल्येम’. नववर्षाच्या आधीचे दिवस ‘स नस्तुपायुश्शिम’, येणाऱ्याच्या शुभेच्छा. ३१ डिसेंबरला रात्री बाराचे ठोके पडले की ‘स नोविम गोदम’.

तिसरा रकाना कधीच रिकामा सोडू नका. परीक्षेला निघालेल्याला मित्र म्हणतात ‘नि पूखा नि पिरा’, ना मऊ पीस मिळो ना पंख. शिकारीला निघालेल्याला दृष्ट लागू नये म्हणून उलटं बोलायची ही जुनी रीत. यावर ‘स्पसीबा’, म्हणजे धन्यवाद, म्हणत नाहीत, उत्तर ठरलेलं आहे: ‘क च्योर्तु’, सैतानाकडे! ज्येष्ठ प्राध्यापकांनासुद्धा हेच उत्तर देतात आणि त्यांना ते मुळीच खटकत नाही. तसंच ‘ना झ्दरोव्ये’. परदेशी माणसं पेला उंचावताना हे म्हणतात, पण रशियन घरात जेवणानंतर पाहुण्याने आभार मानले की यजमानीण ‘ना झ्दरोव्ये’ म्हणते. पेला उंचावताना ‘झा’ लावायचं: ‘झा वाशे झ्दरोव्ये’, तुमच्या आरोग्यासाठी.

बातम्यांची घाई करू नका, त्यांतली वाक्यं लांब आणि जड असतात. त्याआधी हवामानाचा अंदाज ऐका. ‘बिझ असाद्कफ’ म्हणजे पाऊस-बर्फ काही नाही, ‘मिस्तामी’ म्हणजे काही ठिकाणी. रोज तेच मोजके शब्द येतात आणि उणे-अधिक तापमानांमुळे आकडेही पक्के होतात.

‘ती’ आणि ‘वी’ हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहेतच. अनोळखी मोठ्या माणसाला ‘वी’च म्हणा. समोरच्याने ‘दवाय ना ती’, चल, ‘तू’ म्हणूया, असं सुचवलं, की ‘दवाय’ म्हणा आणि पुढच्या वाक्यापासून ‘ती’वर या.