इलेक्ट्रिक शॉवरचं झालेलं काम कसं तपासावं

मी वायरमन आहे आणि माझा बराच वेळ दुसऱ्याने केलेलं काम उघडून बघण्यात जातो. "शॉवर मध्येच बंद पडतो" अशी तक्रार आली की मी आधी शॉवर नाही, वायर बघतो.

इलेक्ट्रिक शॉवर पाणी साठवत नाही, वाहतं पाणी जागच्या जागी तापवतो. त्यामुळे 8.5 किलोवॅटचा शॉवर 230 व्होल्टवर सुमारे 37 अँपिअर करंट ओढतो. म्हणून त्याला मेन बोर्डापासून थेट, स्वतंत्र आणि जाड तांब्याची वायर लागते. 10 चौरस मिलीमीटरची वायर साधारणपणे वापरतात, पण अंतर किती आणि वायर भिंतीतून कशी गेली आहे हेही बघावं लागतं. जवळच्या सॉकेटमधून फाटा काढून दिला असेल तर ते काम सरळ नाकारा.

बिघाड बहुतेक वेळा जॉइंटमध्ये सापडतो. मेन बंद करून टर्मिनल, म्हणजे वायर स्क्रूने आवळतात ती जागा, उघडलं की दिसतं: इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं, तांबं काळवंडलेलं. भोकात मावत नाही म्हणून वायरीच्या चार-पाच तारा कापून टाकलेल्या, आणि स्क्रू तांब्याऐवजी प्लास्टिकवर आवळलेला. करंट दुप्पट झाला की त्याच जॉइंटवर उष्णता चौपट होते. दिव्याच्या वायरीत वर्षानुवर्षं निभावलेला ढिला जॉइंट इथे जळतो तो यामुळेच. टेप गुंडाळून प्लास्टरखाली पुरलेला जॉइंट तर मी कधीच ठेवू देत नाही.

हे कव्हर तुम्ही स्वतः उघडू नका. पण न उघडताही बरंच कळतं. अंघोळीनंतर हात कोरडे करून स्विचच्या प्लेटला लावा. प्लेट चटका बसण्याइतकी गरम असेल, तपकिरी डाग असेल, जळका वास किंवा गुणगुण येत असेल, तर मेन बंद करा आणि शॉवर वापरणं थांबवा.

एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) वारंवार पडते म्हणून तिच्या जागी मोठी एमसीबी बसवून जातात. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली तर एमसीबी पडायच्या आधी भिंतीतली वायर तापते. तेव्हा "एमसीबी बदलली" असं कोणी सांगितलं की लगेच विचारा, वायर किती चौरस मिलीमीटरची आहे?

अर्थिंगचंही तसंच. अर्थची वायर कापून आत दुमडलेली असते, नाहीतर पाण्याच्या पाइपला बांधलेली. पाइप पुढे प्लास्टिकचा असेल तर ती वायर कुठेच पोचत नाही. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडणं तर जीवघेणं आहे. शॉवरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवीच. तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडली नाही तर शॉवर वापरू नका.

पाणी कोमट येतं म्हणून लगेच एलिमेंट (पाणी तापवणारा आतला भाग) बदलू देऊ नका. मिनिटाला 5 लिटर पाणी सोडलं तर 8.5 किलोवॅटमध्ये ते जेमतेम 24 अंशांनी तापतं. आधी धार कमी करून बघा. शॉवरच्या जाळीत क्षार साचले असतील तर ती काढून व्हिनेगरमध्ये भिजवा. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि युनिटच्या खालून पाणी गळू लागतं. ती सुरक्षेची वाट आहे. तिथे कोणी सील लावून भोक बुजवलं असेल तर युनिट बंदच ठेवा.

काम पुन्हा करून घेताना टाइल्स बसवण्याआधी वायरीचे आणि जॉइंटचे फोटो काढा. बिलावर वायरीची जाडी, एमसीबीचं रेटिंग आणि अर्थिंगचं रीडिंग लिहून घ्या. टाइल वाकडी बसली असेल तर आधीच्याच माणसाला पुन्हा बोलवायला हरकत नाही. जॉइंट जळला असेल किंवा अर्थ कापली असेल तर दुसरा, परवानाधारक माणूस बोलवा आणि पहिल्याने केलेली सगळी लाइन त्याच्याकडून तपासून घ्या.