मेणबत्त्यांचं झुंबर : आधी कप्पी, मग बाकीचं

सायकलच्या रिंगेला बरण्या टांगून त्यात मेणबत्त्या लावायचं झुंबर घरी करायचं, तर रिंग, बरण्या, साखळी, तार ही यादी कुणीही सांगेल. तुम्ही यादीत सगळ्यात वर कप्पी लिहा. दोन कप्प्या. झुंबर तुळईला कायमचं अडकवून टाकलं की आठ मेणबत्त्या लावायला स्टूल, विझवायला परत स्टूल, आणि जेवताना खाडीकडून वारा उठला तर पेटतं झुंबर खाली घेताच येत नाही. एक कप्पी झुंबराच्या डोक्यावर, दुसरी भिंतीजवळ, नाहीतर दोर घरभर तिरका लोंबतो.

विहिरीवर पंप बसल्यापासून अडगळीत पडलेली लोखंडी कप्पी चालेल. तिची खाच जाड दोरासाठी असते. बारीक तार घातली तर चाक आणि बाजूच्या पट्टीमध्ये शिरून अडकते. म्हणून १० ते १२ मिलिमीटरचा सुती दोर घ्या. किनाऱ्यावर फुकट मिळणारा बोटीचा दोर नको. तो बहुतेकदा प्लास्टिकचा असतो आणि पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. दोराची लांबी अशी काढा: झुंबर जितकं खाली आणायचं ते अंतर, दोन कप्प्यांमधलं अंतर, दुसऱ्या कप्पीपासून खुंटीपर्यंतचं अंतर, आणि गाठीला ३ फूट.

दोराच्या टोकापासून रिंगेच्या मध्यापर्यंत १ मीटर साखळी हवीच, जस्त चढवलेली. साखळी कप्पीत शिरत नाही, त्यामुळे झुंबर कितीही ओढलं तरी ज्योत लाकडापासून लांब राहते. याचाच अर्थ तुळई १२ फुटांवर तरी हवी. पडवीत हे जमणार नाही. खळ्यातल्या झावळ्यांच्या मांडवाखाली तर विचारही नको, आणि माळ्यावर पेंढा असेल तर आधी तो हलवा.

कप्पी कशाला अडकवायची? तुळईला, आरपार बोल्ट घालून. रिपेला नाही, वाशालाही नाही. आठ बरण्या, वाळू, रिंग, साखळी मिळून ५ किलोच्या आसपास भरतं, पण दोर दुसऱ्या बाजूनेही खेचत असतो, म्हणून वरच्या कप्पीवर जवळपास दीडपट भार येतो. २० लिटरचा भरलेला कॅन त्याच दोराला बांधून रात्रभर लटकवा. कप्पीतून, नुसता हुकाला नाही. खुंटी चिऱ्याच्या भिंतीत ठोकू नका, जांभा भुगा होऊन ती सैल पडते. लाकडी खांबाला मारा, आणि दोराचे इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखे तीन-चार वेढे घाला.

रिंग जुन्या काळ्या सायकलची उत्तम. पुढच्या चाकाला ३२ भोकं असतील तर दर चौथ्या भोकात बरणी, मागच्याला ४० असतील तर दर पाचव्या. दोन्हीकडे आठच बसतात. ३६ भोकांची मिळाली तर दर चौथ्या भोकात, नऊ बरण्या. मधल्या कडीपासून रिंगेपर्यंत साखळीचे तीन किंवा चार फाटे, समान अंतरावर. आरे काढा, गंज पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट. खाऱ्या हवेत हे टाळलं तर गंज ताटात पडतो. पावसाळ्यात रंग वाळत नाही, दिवाळीनंतर करा.

बरण्या जॅमच्या, रुंद तोंडाच्या, झाकणांसकट. झाकणं फेकू नका, ज्योत त्यांनीच विझवायची. गळ्याला १६ गेजची जस्ती तार, कडी २५ ते ३० सेंटिमीटर उंच, म्हणजे रिंगेचा रंग जळत नाही. तळाला २ सेंटिमीटर वाळू, पण समुद्राची नको. तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि तापल्यावर काच तडकते. नदीची, चाळून, कढईत भाजून घ्या. करवंट्या दिसतात छान, पण त्या पेट घेतात. कोळसा कशाचा करतात ते आठवा.

मेणबत्ती बुटकी, बरोबर मधोमध. काचेला टेकली की बरणी गेली. वात ५ मिलिमीटर ठेवा, काजळी धरली तर ती लांब आहे. बरण्या समोरासमोरच्या जोडीने अडकवा, झुंबर कललं तर हलक्या बरणीत वाळू वाढवा.

झुंबर खाली घ्या, लावा, वर चढवा. कप्पी नसेल तर हे वाक्य पुन्हा वाचा.

२०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, म्हणून वीज गेली की झुंबर लावू असं अनेकांच्या मनात येतं. वाऱ्याच्या रात्री लावू नका, ते झुलतं. तेव्हा कंदील बरा.

उरलेलं: मेण १ सेंटिमीटर राहिलं की विझवा. पेटलेल्या मेणावर पाणी कधीच नाही. कप्पीच्या चाकाच्या आसाला महिन्यातून एकदा तेल. उरलंसुरलं मेण वितळवायचं तर गरम पाण्यात भांडं ठेवून, थेट गॅसवर नाही. मे महिन्यात मेणबत्त्या वाकतात, डब्यात आडव्या ठेवा. दोर दरवर्षी बदला. दोन बरण्या जास्तीच्या ठेवा.